बजेट लॅपटॉपमध्ये १ टीबी एसएसडी, नऊ महिन्यांनंतर : सगळं ठीक, स्क्रू सोडून

नवी टाकलेली एसएसडी (हार्ड डिस्कचं काम करणारं, चिप्सचं छोटं कार्ड) उत्तम चालते आहे. लॅपटॉपही ठीक. तक्रार आहे ती दोन मिलिमीटर जाडीच्या आणि तीन मिलिमीटर लांबीच्या एका स्क्रूबद्दल, आणि हा मजकूर बराचसा त्याच्यावरच खर्च होणार आहे. ज्यांना फक्त 'टाकू की नको' एवढंच विचारायचंय त्यांनी खुशाल टाकावी. बाकीच्यांनी तळाचं झाकण उघडण्याआधी पुढचं वाचावं.

मशीन नेहमीचंच: १५.६ इंची, बाराव्या पिढीचा इंटेल आय-३ प्रोसेसर, ८ जीबी रॅम. आत २५६ जीबीची आखूड एसएसडी, म्हणजे २२४२ मापाची (२२ मिमी रुंद, ४२ मिमी लांब), आणि शेजारी पूर्ण लांबीचा २२८० स्लॉट रिकामा. हा रिकामा स्लॉट आहे की नाही हे जाहिरातीवरून ठरवू नका. एकाच नावाखाली वेगवेगळे प्रकार विकले जातात. एकात दुसरा स्लॉट असतो, एकात अडीच इंची ड्राइव्हची जागा असते, आणि मोठ्या बॅटरीच्या प्रकारात ती जागा बॅटरीने खाल्लेली असते. तळावरच्या लेबलचा पूर्ण मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल उतरवा आणि त्यातलं चित्र बघा.

खरेदीत एकच सापळा मोठा. या आकाराच्या कार्डांना एम.२ म्हणतात, पण त्यात जोडणीचे दोन प्रकार: जुनी, हळू साटा आणि नवी, जलद एनव्हीएमई. दुकानात 'एम.२ एसएसडी द्या' म्हटलं की कधीकधी साटावाली हातात पडते. साटावालीला बहुधा दोन खाचा असतात, एनव्हीएमईवालीला एक. दोन खाचांचं कार्ड या स्लॉटमध्ये बसतं बरोबर, पण स्लॉट फक्त एनव्हीएमईसाठी जोडलेला असेल तर बायोसला (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला) ते दिसतच नाही. मग लोक स्लॉट मेला म्हणून ओरडतात. दुसरं, चिप्स एकाच बाजूला असलेलं कार्ड घ्या. दोन्ही बाजूंना चिप्स असलेलं कार्ड अशा पातळ मशीनमध्ये खाली बोर्डाला टेकतं. वेगाच्या आकड्यांमागे पैसे घालू नका. ७००० (एमबी प्रति सेकंद) लिहिलेली, चौथ्या पिढीच्या जोडणीची एसएसडी तिसऱ्या पिढीच्या चार लेनच्या (डेटाच्या चार वाटांच्या) स्लॉटमध्ये ३५०० च्या आसपासच थांबते आणि दोन लेनच्या स्लॉटमध्ये त्याच्या निम्म्यावर. या किमतीतल्या एसएसडीत स्वतःची डीरॅम (कामापुरती जलद मेमरी) नसते, त्या लॅपटॉपच्या रॅममधला छोटा तुकडा उसना घेतात. रोजच्या कामात फरक जाणवत नाही.

आता उघडणं. आधी शिफ्ट दाबून शट डाउन करायचं, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पूर्ण बंद होत नाही. चार्जर काढायचा. तळाचे स्क्रू काढताना कागदावर लॅपटॉपचा आयत काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी ठेवायचा, कारण बिजागरीजवळचे लांब असतात आणि पुढच्या कडेचे आखूड. लांब स्क्रू पुढे पिळला तर तळहात टेकतो त्या पट्टीवर आतून टेंगूळ येतं. एखाददुसरा स्क्रू रबरी पायाखाली लपलेला असतो. तो राहिला आणि झाकण ओढलं की खटके तुटतात. जुनं प्लॅस्टिक कार्ड बिजागरीच्या कोपऱ्यातून सरकवत नेलं की झाकण सुटतं. धातूची पट्टी किंवा चाकू वापरू नका. पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर काढणं, मग पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरणं. एसएसडी साधारण तीस अंशांत तिरकी घालून पूर्ण आत सरकवायची. सोनेरी पट्टीची बारीकशी रेघ सोडून काही दिसता कामा नये. सोडली की ती स्प्रिंगसारखी वर उठते. ते बरोबरच आहे. तिला खाली दाबून धरायचं काम स्क्रूचं.

आणि इथेच पोस्ट (कार्डाचं टोक टेकतं तो बोर्डावरचा बुटका पितळी खांब) आहे, पोस्टमध्ये आटे आहेत, स्क्रू नाही.

चाळीस हजारांच्या आसपासच्या मशीनमध्ये स्लॉट दिलाय, पोस्ट दिलीय, वर 'वाढवता येईल' अशी जाहिरातही केलीय, आणि स्क्रू वाचवलाय. एसएसडीच्या डब्यातही बहुतेक वेळा नसतो. दुकानात सुटा दहा-वीस रुपयांना मिळतो, पण तो मागायचा कसा हीच अडचण. स्लॉटचं नाव एम.२, त्यातलं टिंब महत्त्वाचं. स्क्रूचं माप एम२, बिनटिंबाचं, म्हणजे आट्यांचा व्यास दोन मिलिमीटर. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी ऑनलाइन शोधलं की दोन्हींची खिचडी समोर येते. हवा तो एम२ गुणिले ३, चपट्या रुंद डोक्याचा. काउंटरवरच्या डबीतून जो हाताला लागतो तो बहुधा झाकणाचा असतो: एम२.५ तरी, नाहीतर चार-पाच मिमी लांब तरी. एम२.५ जोर लावून पिळला तर पितळी पोस्टचे आटे जातात, मग बरोबर स्क्रूही धरत नाही.

या मशीनमध्ये पहिल्या दिवशी चार मिमीचा बसला. घट्ट बसला, फिरायचा थांबला, झाकण लागलं, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ड्राइव्ह आला, जीपीटी (डिस्कच्या विभागणीची नवी पद्धत) निवडलं, नवा व्हॉल्यूम केला, एनटीएफएसमध्ये (विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीत) फॉरमॅट केला, नाव डी. विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसतात. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने, कोणी चोरलेले नाहीत. दोन महिने सगळं आलबेल.

तिसऱ्या महिन्यात डी ड्राइव्ह गायब व्हायला लागला. रोज नाही. लॅपटॉप चालू असताना एका कोपऱ्याला धरून उचलला की कधीतरी. रीस्टार्ट केला की परत हजर. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, दोन नोंदी: एसटीओआरएनव्हीएमई (एनव्हीएमईचा ड्रायव्हर) या नावाने १२९, म्हणजे उपकरण रीसेट केलं, आणि डिस्कच्या नावाने १५७, म्हणजे डिस्क अचानक काढली गेली. अशा वेळी सगळे सल्ले एकाच दिशेने जातात: एसएसडी खराब, वॉरंटीत पाठवा. एका सर्व्हिस केंद्रात फोनवर ऐकवलं गेलं की बाहेरची एसएसडी टाकली म्हणजे लॅपटॉपची वॉरंटीच गेली. हे लेखी द्या म्हटल्यावर भाषा बदलली: उघडताना काही मोडलं तर तेवढं वॉरंटीत नाही. तोंडी उत्तरावर विसंबू नका, ईमेल मागा.

दोष एसएसडीत नव्हताच. झाकण उघडून स्क्रूच्या डोक्याशेजारी नखाने कार्ड दाबलं तर स्क्रू गच्च आणि कार्ड हलतंय. पोस्टचे आटे तीन मिमी खोल, स्क्रू चार मिमीचा. टोक तळाला जाऊन टेकलं होतं, म्हणून हाताला घट्ट लागलं, पण डोकं आणि कार्ड यांच्यात कागदाच्या दोन-तीन घड्या जातील एवढी फट राहिली. कार्ड कनेक्टरमध्ये किंचित तिरकं उभं होतं. कोपऱ्याला धरून उचलल्यावर बॉडी लवली की संपर्क तुटायचा. शिवाय कार्डाच्या टोकाची अर्धगोल चकती ग्राउंडला जोडलेली असते. स्क्रू तिच्यावर बसला की ग्राउंड पक्का होतो आणि थोडी उष्णताही पोस्टकडे जाते. चिकटपट्टीने कार्ड दाबून ठेवणारे बहाद्दर आहेत, पण साध्या चिकटपट्टीचा गोंद उन्हाळ्यात पातळ होतो आणि कार्ड पुन्हा वर.

बरोबर मापाचा नमुना आतच होता, हे उशिरा लक्षात आलं. कारखान्यातून आलेल्या जुन्या एसएसडीचा स्क्रू. तो काढून लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत नेऊन समोर ठेवायचा आणि 'अस्साच द्या' म्हणायचं. नंबर शून्य किंवा दुहेरी शून्यचा फिलिप्स (अधिक चिन्हाच्या टोकाचा) स्क्रूड्रायव्हर वापरा, टोक चुंबकीय असेल तर बरं, कारण हा स्क्रू पंख्याच्या पात्यांत पडला की अर्धा तास गेला. डोकं कार्डाला टेकलं की पाव फेरा, बस. तीन मिमीचा बसल्यापासून सहा महिन्यांत १५७ ची एकही नोंद नाही.

काही मतं बदलली, तीही सांगतो. सुरुवातीला लेखनमर्यादेची (एसएसडीवर एकूण किती डेटा लिहिता येईल याची) फार काळजी होती. १ टीबीसाठी डब्ल्यूडी ब्लू एसएन५८० ला ६०० टीबी, किंग्स्टन एनव्ही२ ला ३२०, क्रुशल पी३ ला २२० असे आकडे आहेत आणि त्यावरून लोक भांडतात. ड्राइव्हची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये नऊ महिन्यांचं लेखन आलंय सुमारे ५ टीबी. या हिशेबाने २२० वालीलाही तेहतीस वर्षं लागतील. तोवर बिजागरी कितीदा तरी मोडलेली असेल. क्यूएलसीचा (स्वस्त चिप्स, एका पेशीत चार बिट; टीएलसीत तीन) खरा तोटा दुसरा: एका दमात शंभर-दोनशे जीबी ओतले की राखीव जलद भाग भरतो आणि वेग हार्ड डिस्कच्या पातळीवर येतो. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनी टीएलसी घ्यावी. बाकीच्यांनी स्वस्त मिळेल ती.

थर्मल पॅडबद्दलही (उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी) चुकलंच. दीड मिमीचा पॅड एसएसडी आणि झाकण यांच्यामध्ये लावला होता, तो जाड पडला आणि कार्ड मध्यभागी वाकलं. वर ती उष्णता झाकणातून थेट मांडीवर. काढून टाकला. पॅडशिवाय मे महिन्यात, पंख्याखाली, नुसतं ब्राउझर चालू असताना एसएसडी ४५ अंशांच्या आसपास आणि मोठी कॉपी चालू असताना साठीच्या वर जाते. अशा एसएसडी साधारण ऐंशीच्या पुढे वेग कमी करायला लागतात, म्हणजे अजून जागा आहे. एसएसडीवरचा स्टिकर मात्र सोलू नका, वॉरंटी त्याच्यावरच असते.

तिसरा बदल सगळ्यांत मोठा. 'विंडोज जुन्यावरच राहू द्या, नवी फक्त डेटासाठी' हा सल्ला पहिल्या महिन्यात आम्हीही दिला असता. आता देणार नाही. २५६ म्हणजे हातात २३८ जीबी. अपडेट, हायबरनेशनची फाइल, व्हॉट्सॲप आणि ऑफिसचा पसारा सी ड्राइव्हवरच साठतो. डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स डीवर नेऊनही पाचव्या महिन्यात सीची पट्टी लाल झाली. म्हणून विंडोजच क्लोन करून (जसंच्या तसं उतरवून) नव्यावर हलवलं. दोन्ही ड्राइव्ह आतच असल्यामुळे केबल-बिबल काही लागत नाही. डीवरचा डेटा आधी बाहेर काढा, क्लोन करताना नवा ड्राइव्ह पूर्ण पुसला जातो. सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर बंद करून पूर्ण उकलू द्या. ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या, फोनमधल्या फोटोवर भरवसा नको. क्लोनिंगच्या मॅक्रियम रिफ्लेक्ट सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती २०२४ च्या सुरुवातीला बंद झाली, पण एसएसडी बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या आपल्या ड्राइव्हसाठी क्लोनिंगचं सॉफ्टवेअर फुकट देतात. क्लोन करतानाच सी मोठा करून घ्या. नंतर करायला गेलं तर सीच्या मागे रिकव्हरीचं पार्टिशन आडवं येतं आणि एक्स्टेंड व्हॉल्यूम करडा दिसतो, म्हणजे दाबता येत नाही. पहिल्यांदा सुरू करताना जुनी एसएसडी काढून ठेवा, नाहीतर मशीन गुपचूप जुन्यावरूनच सुरू होतं आणि आपण नव्यावर आहोत असं वाटत राहतं.

क्लोन न करता कोरं विंडोज टाकणाऱ्यांना अकराव्या पिढीपासूनच्या इंटेलवर 'ड्राइव्ह सापडत नाही' असा पडदा दिसू शकतो. ड्राइव्ह ठीकच असतो, व्हीएमडीचा (ड्राइव्ह हाताळणारी इंटेलची सोय) ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन लोड करावा लागतो. बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करायचा शॉर्टकट चालू विंडोजवर करू नका, निळा पडदा येतो.

जुनी २५६ आता यूएसबीच्या पेटीत बॅकअपला आहे. घेताना पेटी २२४२ माप धरते ना, एवढं बघा. तिच्याबरोबर दोन स्क्रू आणि एक इटुकला स्क्रूड्रायव्हर फुकट आला. जुन्या एसएसडीचा कारखान्यातला स्क्रू तिच्या रिकाम्या पोस्टमध्येच परत पिळून ठेवला आहे, पुढे कोणी झाकण उघडलं तर त्याला सापडेल. कंपनीला एवढंच करायचं होतं.