तुरुंगातल्या बापाच्या नावानं घरी आलेलं नाताळचं गिफ्ट : सोलापुरातला आमचा अनुभव

कैद्यांच्या लेकरांना बापाच्या नावानं गिफ्ट पोचवणाऱ्या ह्या उपक्रमाचं रेटिंग आधीच सांगते, ५ पैकी साडेचार. अर्धा कशाला कापला ते पुढं येईलच.

गिफ्ट आलं तेव्हा आमच्या दाजींना आत जाऊन १४ महिने झाले होते, अजून आतच आहेत. कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून चालूच, तारखेवर तारीख पडतेय. अक्का विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत राहते, पान तंबाखू आणून घरी विड्या वळते आणि कारखान्यात देते, दोन लेकरं, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ चा. हे सगळं मोकळं लिहितेय कारण माझ्यासारखं कुणीतरी मुलाकतीच्या, म्हणजे कैद्याला भेटायच्या रांगेत उभं असेल आणि त्याला हे कुणीच सांगितलं नसेल, मलाही नव्हतं सांगितलं.

तर झालं असं की डिसेंबरच्या सुरवातीला अक्काला एका ताईंचा फोन आला, शहरातल्या एका मराठी चर्चच्या मंडळींपैकी. म्हणाल्या तुमच्या मिस्टरांनी लेकरांसाठी गिफ्ट सांगितलंय, ते घेऊन यायचंय, कधी येऊ? अक्का घाबरलीच. जेल म्हटलं की फोन कशाचा येतो माहितीय ना, वकिलाच्या फीचा नाहीतर कुणीतरी पैसे उकळायला. तिनं मला लावला, मी त्या ताईंना उलटा फोन करून चार प्रश्न विचारले. त्यांनी न चिडता सगळं सांगितलं.

पद्धत अशी आहे. ही मंडळी नाताळच्या आधी तुरुंग अधीक्षकांची परवानगी काढून आत जातात. ज्याला पाहिजे त्या कैद्याला एक चिठ्ठी देतात, त्यावर लेकराचं नाव, वय, कपड्याचा किंवा बुटाचा नंबर, काय द्यायचंय आणि खाली दोन ओळी लेकरासाठी. धर्म कुठला, केस कुठली, काही विचारत नाहीत. चिठ्ठी ऑफिसात वाचून मगच बाहेर सोडतात, जेलातलं प्रत्येक पत्र तपासतातच, त्यामुळं केसबद्दल त्यात काही लिहिता येत नाही. मग चर्चमधली एकेक फॅमिली एकेक चिठ्ठी उचलते आणि स्वतःच्या पैशानं वस्तू आणते. आणि मेन गोष्ट ही की पाकिटावर नाव बापाचं असतं. चर्चचं नाव कुठंच नाही, साधा शिक्का पण नाही. "अमुक तमुकला, पप्पांकडून." बस.

ही आयडिया मुळात अमेरिकेतली आहे असं त्या ताईंनी चहा पिता पिता सांगितलं. अलाबामात मेरी के बिअर्ड म्हणून एक बाई होती, बँक लुटल्याबद्दल स्वतः जेल भोगून आलेली. आत असताना तिनं बघितलं होतं की नाताळात बाहेरचे लोक कैदी बायकांना साबण, टूथपेस्ट, शाम्पू असलं वाटून जायचे आणि त्या बायका ते वापरायच्याच नाहीत, साठवून ठेवायच्या आणि भेटायला आलेल्या पोरांना तेच गिफ्ट म्हणून द्यायच्या. पोरं साबणाची वडी हातात घेऊन पण खुश व्हायची, कारण ती आईनं दिलेली. सुटल्यावर १९८२ साली तिनं मॉलमध्ये नाताळाचं झाड लावलं आणि त्यावर कैद्यांच्या पोरांची नावं लिहिलेले कागदी देवदूत टांगले, मुलींसाठी लाल, मुलांसाठी हिरवे, लोकांनी एकेक काढून न्यायचा. एंजल ट्री म्हणतात त्याला. हे ऐकून अक्का उठून आत गेली, तिच्याकडं पण असंच आहे, मुलाकतीला जाताना ती दाजींसाठी साबण घेते आणि घरात लेकरांना कपडे धुवायच्या साबणानं अंघोळ घालते.

आपल्याकडं कॅथलिक लोकांचं प्रिझन मिनिस्ट्री इंडिया पण आहे, १९८१ ला केरळात सुरू झालेलं, ते देशभर तुरुंगात जातात. सोलापुरात आमच्याकडं आले ते मात्र हे मराठी चर्चवाले.

गिफ्टचं सांगते. मुलीला शाळेचे काळे बूट आणि स्केचपेन, पोराला स्वेटर आणि बॉल. वस्तू चांगल्या होत्या, बूट नव्या पेठेतनं घेतलेले, कुणाचे वापरून झालेले वगैरे अजिबात नाहीत. सोबत करंज्या आणि चकल्यांचा डबा. पण मुलीनं सगळं बाजूला सारून आधी चिठ्ठी मागितली. दाजींचं अक्षर वेडंवाकडं, सातवीपर्यंत शिकलेले. लिहिलं होतं, "भाकरीचा पापुद्रा भावाला दे म्हणून तुला रागवायचो. आता तो तूच खात जा." पोरगी रडली नाही, हसली, आणि लगेच आईला म्हणाली बघ पप्पांनी सांगितलंय. त्या दिवसापासनं घरात पापुद्रा तिचा. चिठ्ठी कंपासपेटीत असते, कोपरे पार झिजलेत.

तुम्ही म्हणाल एवढ्याशानं काय होतंय. मला विचारा. १४ महिने त्या पोरीचा बाप म्हणजे जाळीपलीकडचा माणूस आणि शाळेतली चिडवाचिडवी होती. पप्पा काय देतात तर काहीच नाही, उलटं आईच पैसे मनीऑर्डर करते त्यांना, कँटीनसाठी. बापानं घरी काहीतरी पाठवलं असं त्या एका दिवशी पहिल्यांदा झालं. जानेवारीच्या मुलाकतीला तिनं बूट घालूनच जायचा हट्ट केला, आणि पाय वर करून दाखवला त्यांना. दाजी बघतच बसले, बोलायची वेळ त्यातच संपली.

आतल्या नाताळबद्दल दाजींनी सांगितलं ते असं. मंडळी पेटी, ढोलकी आणि टाळ घेऊन आली होती, रेव्हरंड टिळकांची, म्हणजे ख्रिस्ती झालेले मराठी कवी ना. वा. टिळक यांची भजनं म्हटली. टिळकांची चाल म्हणजे आपल्या अभंगाचीच, त्यामुळं पंढरपूर, मंगळवेढ्याकडची माळकरी माणसं आहेत बराकीत ती पण टाळ घेऊन उभी राहिली. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, फार बोलले नाहीत, येशू स्वतः अटक होऊन, खटला होऊन शिक्षा भोगलेला आहे एवढंच म्हणाले, आणि मग प्रत्येकापाशी जाऊन हात मिळवला. दाजी म्हणाले केक विसरलो पण हात मिळवलेला लक्षात आहे, इथं हाताला हात कोण लावतंय, झडती घेणारा सोडून.

धर्म बदलायला लावतात का, हा प्रश्न शेजारणीनं मला तीनदा विचारला म्हणून स्पष्ट लिहिते. नाही. जाताना त्या ताईंनी विचारलं, प्रार्थना केली तर चालेल का. आमच्या आईनं नको म्हटलं, आमचे सिद्धेश्वर महाराज आहेत म्हणाली. त्या बरं म्हणून हसल्या, आईच्या पाया पडल्या आणि निघाल्या. नंतर पण फोन बंद झाला नाही, तसाच चालू राहिला. ह्याच ताईंची आजी सेटलमेंटमध्ये, म्हणजे इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना कोंडून ठेवायच्या वसाहतीत, तारेच्या आत वाढलेली. जन्मावरूनच गुन्हेगार ठरवायचा १८७१ चा इंग्रजांचा कायदा, रोजची हजेरी, आणि तो रद्द झाला १९५२ ला. त्या म्हणाल्या आमच्या म्हाताऱ्यांना तरी कुठं काय केलं म्हणून आत घातलं होतं, मला कुणाची केस विचारायला लाजच वाटते.

आता गिफ्टपेक्षा पण मोठं काम कुठलं झालं ते सांगते, इथं खरं तर पूर्ण मार्क आहेत. त्यांच्यासोबत एक वकील येतात. त्यांनी सांगितलं की आई किंवा बाप जेलात असेल तर लेकरांना बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात, अर्ज महिला व बालविकास कार्यालयात. १४ महिने आम्हाला हे कुणी बोललं नव्हतं! कोठडीत असलेल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडनं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही, हे पण तेव्हाच कळलं. आणि नवीन फौजदारी कायद्यातलं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम ४७९, १ जुलै २०२४ पासनं लागू झालेलं. पहिलाच गुन्हा असेल, दुसरी केस चालू नसेल आणि कलम फाशी किंवा जन्मठेपेचं नसेल, तर जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत गेला की बाँडवर सोडायची तरतूद आहे, आणि तसा अर्ज कोर्टात करायचं काम तुरुंग अधीक्षकाचं. देशातल्या तुरुंगात ४ पैकी जवळपास ३ जण कच्चेच आहेत, त्यातल्या किती घरांना हे माहिती असेल? दाजींचा हिशोब वकिलांनी कागदावर मांडून दिलाय, अजून काही महिने बाकी आहेत. बालसंगोपनचा अर्ज अक्कानं भरलाय, चौकशीला बाई येऊन गेल्यात.

आता अर्धा मार्क. पहिलं म्हणजे आल्या आल्या एका पोरानं गल्लीतच मोबाईल काढून लेकरांचे फोटो काढायला सुरवात केली. चार दारं उघडली लगेच. अक्कानं गल्लीत दाजी पुण्याला कामाला गेलेत असं सांगितलेलं आहे, आता काय सांगणार. मी त्याला जरा जोरातच बोलले. ताईंनी तिथंच फोटो डिलीट करायला लावले आणि माफी मागितली, पण हे आधीच सुचायला पाहिजे होतं. आत येऊन दार लावा, मग काय ते करा. दुसरं म्हणजे बूट. दाजींना लेकीचा १४ महिन्यांपूर्वीचाच नंबर माहिती, तोच त्यांनी लिहिला, आणि बूट बोटाला टेकत होते. ती कुणाला सांगेना, फेब्रुवारीपर्यंत तसेच घातले, अंगठ्याला फोड आल्यावर कळलं. बदलून आणते म्हटलं तर पप्पांनी दिलेत म्हणून देईना. मंडळींना माझं एवढंच सांगणं आहे की चिठ्ठी बाहेर आली की नंबर घरी फोन करून एकदा विचारून घ्या, गिफ्ट काय आहे ते सांगू नका हवं तर.

ज्यांना पाहिजे त्यांनी नोव्हेंबरच्या मुलाकतीत आतल्या माणसाला सांगून ठेवा, चिठ्ठी त्यानंच भरायची असते, बाहेरून नाव देता येत नाही. पैसे कुणालाच द्यायचे नाहीत.

आमची पोरगी थांबली नाहीच. गेल्या आठवड्यात तिनं पेपरवर पाय ठेवून पेन्सिलीनं आखला, कापला, आणि पप्पांच्या पत्रात घालायला आईकडं दिला. मागच्या बाजूला लिहिलंय, नाताळपर्यंत वाढेल, जरा मोठाच सांगा.