रिपोर्टची टप्प्याटप्प्याने मंजुरी: पॉवर ऑटोमेट, ईआरपीनेक्स्ट की झोहो? बेळगाव भागातल्या कारखान्यांसाठी तुलना

उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यात फाउंड्री किंवा मशीन शॉप चालवणाऱ्यांकडे रिपोर्टांना तोटा नाही. हीटचा (एका वेळी वितळवलेल्या धातूचा) रिपोर्ट, साच्याच्या वाळूची चाचणी म्हणजे सँड टेस्टिंग, रोजचं रिजेक्शन, डिस्पॅचआधीचं इन्स्पेक्शन, सगळं भरलं जातं. अडतं ते सहीपाशी. सुपरवायझरने भरायचं, क्वालिटीने तपासायचं, प्लँट हेडने किंवा मालकांनी मंजूर करायचं आणि मगच गाडी कोल्हापूर-पुण्याकडे सोडायची, असा क्रम ठरलेला असतो. प्रत्यक्षात रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो, खाली कुणाचा तरी अंगठा येतो आणि माल निघतो. गिऱ्हाइकाकडून कास्टिंग (ओतीव भाग) परत आलं की तो अंगठा नेमका कोणत्या हीटसाठी होता, हे कुणालाच सांगता येत नाही. माल सोडायची परवानगी कोणी दिली हे मागे जाऊन सापडलं पाहिजे, असं आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाचं कलम ८.६ सांगतं. ऑडिटर तेच मागतो आणि त्याचं मागणं रास्त आहे.

म्हणून सॉफ्टवेअर घ्यायचं ठरतं. डेमोत प्रत्येक जण रिपोर्ट एकेक पायरी वर चढताना दाखवतो, आणि ते सगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये छान दिसतं. निवड मात्र वेगळ्या गोष्टींवर करावी असं माझं ठाम मत आहे: रिपोर्ट नामंजूर होऊन परत आला तर काय होतं, मंजुरी देणारा माणूस जागेवर नसेल तर काय होतं, आणि मंजुरीनंतर कुणाला आकडा बदलता येतो का.

मायक्रोसॉफ्ट पॉवर ऑटोमेट

ठरवून दिलेली कामं एकामागून एक आपोआप करणारी ही मायक्रोसॉफ्टची सेवा. ऑफिसात आधीपासून मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर पहिला विचार याचाच होतो, आणि तो चुकीचा नाही. रिपोर्ट शेअरपॉइंटच्या लिस्टमध्ये (ऑनलाइन तक्त्यात) भरायचा आणि फ्लोने, म्हणजे आखून ठेवलेल्या कामांच्या साखळीने, तो मंजुरीला पाठवायचा. साहेबांना आउटलुकच्या मेलमध्ये किंवा टीम्सवरच मंजूर-नामंजूरची बटणं दिसतात, नवीन काही उघडावं लागत नाही. जे साहेब कोणतंही नवं ॲप शिकायला तयार नसतात, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. मंजुरीचे प्रकारही निवडता येतात: यादीतल्या कुणाही एकाचं पहिलं उत्तर आलं की पुरे, किंवा सगळ्यांचाच होकार हवा. सगळ्यांचा होकार लागणाऱ्या प्रकारात एकाने नामंजूर केलं तरी विषय तिथेच संपतो.

कसोटी लागते ती परतीच्या वाटेवर. फ्लो मुळात पुढे धावणारा आहे. क्वालिटीने रिपोर्ट नाकारला, सुपरवायझरने दुरुस्त केला आणि तो पुन्हा त्याच वाटेने चढला पाहिजे, हे आपोआप होत नाही. त्यासाठी ‘डू अनटिल’चं, म्हणजे अट पूर्ण होईपर्यंत तीच पावलं पुन्हा करणारं, आवर्तन बांधावं लागतं. या आवर्तनाला मुळातच एक तासाची आणि साठ फेऱ्यांची मर्यादा घातलेली असते. ती वाढवली नाही तर दुपारी नाकारलेला रिपोर्ट संध्याकाळी दुरुस्त होऊनही पुढच्या फेरीला जात नाही, आणि लोक म्हणतात सॉफ्टवेअर बिघडलं. दुसरी मर्यादा ३० दिवसांची. फ्लोची एक धाव त्याहून जास्त चालत नाही, म्हणजे महिनाभर पडून राहिलेली मंजुरी बाद होते. रोजच्या रिपोर्टला ३० दिवस भरपूर झाले, पण वार्षिक देखभालीचा किंवा गिऱ्हाइकाच्या उत्तरावर थांबलेला रिपोर्ट असेल तर स्थिती लिस्टच्या रकान्यात ठेवून प्रत्येक टप्प्याचा फ्लो वेगळा करावा.

मंजुरी चालू असताना मूळ नोंद कुणी बदलली तर? फ्लो ते अडवत नाही. शेअरपॉइंटमध्ये कंटेंट अप्रूव्हल (नोंदीला मंजूर-प्रलंबित अशी स्थिती देणारी सोय) आणि आवृत्त्या चालू केल्या तर मंजूर नोंदीत बदल होताच ती पुन्हा प्रलंबित होते. हे दोन्ही चालू केल्याशिवाय पॉवर ऑटोमेटची मंजुरी व्हॉट्सॲपच्या अंगठ्याहून फार पक्की नसते.

ईआरपीनेक्स्ट

कारखान्याचे हिशेब, साठा, उत्पादन एकत्र सांभाळणारं हे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं मुक्त सॉफ्टवेअर. परवान्याचे पैसे नाहीत, पण सर्व्हर आणि बसवून देणाऱ्याचा खर्च आहेच, तो धरूनच तुलना करा. यातला वर्कफ्लो, म्हणजे मंजुरीचा क्रम, समजायला सोपा आहे. रिपोर्टच्या अवस्था लिहायच्या, कोणत्या अवस्थेतून कुठे जाता येतं ते लिहायचं आणि प्रत्येक हालचालीला एक भूमिका जोडायची. क्वालिटीकडून नामंजूर म्हणजे परत कच्च्या अवस्थेत, ही एक ओळ झाली. परतीची वाट इथे पुढच्या वाटेइतकीच सहज आखता येते, म्हणून रोज वर-खाली होणाऱ्या रिपोर्टांसाठी माझा कल याच्याकडे आहे. अटही घालता येते: रिजेक्शन ठरावीक टक्क्यांच्या आत असेल तर क्वालिटीवर थांबायचं, वर गेलं तरच मालकांपर्यंत न्यायचं.

मंजुरी माणसाला नाही, भूमिकेला जोडलेली असते. क्वालिटीचे साहेब रजेवर गेले तर ती भूमिका असलेला दुसरा माणूस मंजुरी देतो आणि नोंद त्याच्याच नावाने राहते.

बसवताना दोन जागा नीट पाहा. पहिली म्हणजे स्वतःच भरून स्वतःच मंजूर करण्याची परवानगी देणारी खूण. ती प्रत्येक हालचालीला असते आणि सुरुवातीला चालूच असते, ती काढा. दुसरी म्हणजे नोंद ‘सबमिट’ (पक्की) होण्याची अवस्था. ती फक्त शेवटच्या टप्प्याला ठेवा. एकदा सबमिट झालेली नोंद पुन्हा कच्ची होत नाही, ती रद्दच करावी लागते, आणि सुधारित प्रत जुन्या क्रमांकापुढे -१ लावून नवी निघते. मंजूर आकडा गुपचूप बदलता न येणं हे ऑडिटच्या दृष्टीने उत्तमच, पण मधल्या टप्प्यावर ती अवस्था ठेवली तर रोज रद्द नोंदींचा ढीग होतो.

आपल्या भागासाठी यात आणखी एक गोष्ट मोलाची आहे. भाषा प्रत्येक वापरकर्त्याला वेगळी ठेवता येते आणि रकान्यांच्या नावांची भाषांतरं आपण स्वतः भरू शकतो. खानापूरकडचा सुपरवायझर मराठीत आणि गोकाककडचा कन्नडमध्ये तोच फॉर्म भरतो. चुकीच्या रकान्यात आकडा पडणं यामुळे खरोखर कमी होतं. शिवाय सर्व्हर कारखान्यातच ठेवला तर इंटरनेट गेलं तरी आतल्या नेटवर्कवर काम चालू राहतं. सर्व्हर आणि राउटर दोन्हींना यूपीएस मात्र हवा.

झोहो क्रिएटर आणि गुगल

झोहो क्रिएटर म्हणजे स्वतःचे फॉर्म आणि ॲप बनवायची ऑनलाइन सेवा. तिच्यात एकाहून जास्त पातळ्यांची मंजुरी आयती मिळते. मंजूर झाल्यावर काय आणि नामंजूर झाल्यावर काय, हे वेगवेगळं ठरवता येतं: रकाना बदलणं, मेल पाठवणं, गरज पडल्यास झोहोच्या डेल्यूज या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत चार ओळी लिहिणं. मोबाइल ॲप चांगलं आहे. आयटीचा माणूस नसलेल्या, दहा-पंधरा जणांच्या ऑफिसला हेच सोयीचं. निपाणी-खानापूरला शाखा असलेल्या सौहार्द सहकारी संस्थेने शाखांचे मासिक अहवाल मुख्य कार्यालयात असे मागवावेत. कारखान्यात भरणारे जास्त आणि मंजुरी देणारे थोडे असतात. आकारणी माणशी असल्यामुळे तिथे खर्च वाढत जातो.

गुगल ड्राइव्हमधली मंजुरी वर्कस्पेस या गुगलच्या ऑफिसांसाठीच्या सेवेच्या निवडक योजनांतच मिळते, साध्या जीमेलवर नाही. तिथे पायऱ्या नाहीत, सगळ्यांकडे विनंती एकदमच जाते. सगळ्यांचा होकार आला की फाइल कुलूपबंद होते. महिन्याच्या एखाद्या दस्तऐवजाला ठीक, शिफ्टच्या रिपोर्टला नाही.

सुट्ट्यांचं काय?

अनेक कारखान्यांचा एक साहेब इथे आणि दुसरा कोल्हापूरच्या ऑफिसात असतो. १ नोव्हेंबरला राज्योत्सवाची सुट्टी कर्नाटकात असते, कोल्हापुरात नाही. इतरही सुट्ट्या जुळत नाहीत. आठवण पाठवायचे दिवस मोजताना सॉफ्टवेअरला हे कळत नाही, ते आपणच भरावं लागतं. ईआरपीनेक्स्टमध्ये ठरावीक दिवसांनी जाणारी सूचना लावता येते, पॉवर ऑटोमेटमध्ये त्यासाठी वेगळी फांदी बांधावी लागते. दोन्हीकडे पर्यायी माणूस पहिल्या दिवसापासून नेमून ठेवा.

पायऱ्या किती ठेवाव्यात? डिस्पॅचच्या रिपोर्टला भरणारा धरून तीन. पाच-सहा ठेवल्या की मधले दोघे न वाचता मंजूर करतात आणि खरी तपासणी कुणीच करत नाही. खात्यातल्या मानापानासाठी कुणाचं नाव घालायचंच असेल तर मंजुरीत घालू नका, मंजुरी झाल्यावर त्यांना प्रत जाईल असं करा.

कंपनी असाल आणि हिशेबही ईआरपीनेक्स्टमध्येच ठेवणार असाल, तर १ एप्रिल २०२३ पासूनचा नियमही लक्षात घ्या. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये.

पैसे देण्याआधी विक्रेत्याला तुमचाच एक जुना इन्स्पेक्शन रिपोर्ट द्या आणि समोर बसून एवढं करून दाखवायला सांगा: क्वालिटीकडून कारणासह नामंजूर, सुपरवायझरकडून दुरुस्ती, प्लँट हेड रजेवर असताना पर्यायी माणसाची मंजुरी, आणि मंजुरीनंतर एक आकडा बदलायचा प्रयत्न. शेवटी त्या एका रिपोर्टचा सगळा इतिहास कागदावर छापून मागा. ऑडिटर येईल तेव्हा त्याच्यापुढे तोच कागद ठेवायचा आहे.