सुटं 'रीफ सॉल्ट' म्हणून मिठागराचं मीठ गळ्यात मारतात, मरीन टँकवाल्यांनो सावध राहा

58,500 रुपयांचा 'रेडी मरीन टँक', म्हणजे समुद्री माशांसाठी खाऱ्या पाण्याचा टँक. त्यातलं 6,500 रुपयांचं 'रीफ सॉल्ट', म्हणजे साध्या पाण्याचं समुद्राचं पाणी करणारं क्षारांचं मिश्रण, बनावट निघालं आणि त्यापायी बाकीचं सगळं मातीत गेलं. दुकान उत्तर गोव्यातलं आहे. तक्रार चालू असल्यामुळे नाव इथे देत नाही, पण पद्धत सविस्तर देतो, कारण हाच माल इतरांनाही विकला जातोय.

आधी हिशोब. 180 लिटरचा टँक आणि स्टँड 21,000. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) 9,500. लाईट 8,000. 'लाईव्ह रॉक' (उपयोगी बॅक्टेरिया वसलेले दगड) 20 किलो, 450 रुपये किलोने 9,000. मीठ 25 किलो, 6,500. क्लाऊनफिशची जोडी 2,400. बॅक्टेरियाची बाटली 2,100. एवढ्या व्यवहाराचं बिल नाहीच, 'एस्टिमेट' असं छापलेला कागद हातात ठेवला. त्यावर जीएसटी क्रमांक नाही. दुकानदार असा कागद देत असेल तर तिथेच थांबा आणि पक्कं बिल मिळेपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

मीठ पाच-पाच किलोच्या पाच पारदर्शक पिशव्यांत होतं. "नामांकित कंपनीची मोठी बादली फोडून सुटं देतो, तुमचे पैसे वाचतात," असं सांगितलं. पिशवीच्या तळाला बोटभर खारं पाणी साचलेलं होतं आणि त्यात तपकिरी गाळाची रेघ. दाणे खडबडीत, चौकोनी, करकरीत. खरं रीफ सॉल्ट बारीक, एकसारखं, पांढरंशुभ्र असतं. दमट हवेत त्याचे गोळे होतात, पण त्याला माती सुटत नाही. विचारलं तर उत्तर आलं, "पात्रांव (साहेब), पावसात मीठ पाझरणारच." जुलै महिना. गोव्यात तेव्हा कपाटातले कपडे ओले लागतात, भिंतींना बुरशी येते, डब्यातलं साखर-मीठ पाझरतं. मग पिशवीतल्या पाण्यावर कोण कशाला शंका घेईल? भाव 260 रुपये किलो, म्हणजे संशय यावा इतका स्वस्तही नाही. ती तपकिरी रेघ मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. सगळा पुरावा त्या रेघेत होता.

आता लबाडीचं मूळ. टँकमधलं पाणी रिफ्रॅक्टोमीटरवर घनता 1.025 दाखवत होतं, अगदी बरोबर. पण रिफ्रॅक्टोमीटर किंवा हायड्रोमीटर पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत तेवढंच सांगतो, कोणते क्षार ते सांगत नाही. मिठागरात समुद्राचं पाणी आटताना आधी कार्बोनेट खाली बसतं, मग जिप्सम, म्हणजे बराचसा कॅल्शियम तिथेच जातो. त्यानंतर मीठ बसतं. मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात राहतं आणि ते पाणी सोडून दिलं जातं. हातात येतं ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराईड. जेवणासाठी ते उत्तम, आमच्या खाजनांतलं (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतलं) मीठ आम्हीही खातो. मरीन टँकला ते विष आहे.

टेस्ट किटवर जे आलं ते असं: कॅल्शियम 80 आणि मॅग्नेशियम 190 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), केएच (कार्बोनेटची अल्कलिनिटी, म्हणजे पीएच सावरण्याची ताकद) 1. हवं होतं कॅल्शियम 400 ते 440, मॅग्नेशियम 1,250 ते 1,350, केएच 8 ते 9. केएचच्या नळीत पहिला थेंब पडला की पाणी निळं व्हायला हवं आणि पुढे सात-आठ थेंबांपर्यंत निळंच राहायला हवं. इथे ते पहिल्याच थेंबाला पिवळं झालं.

केएच नसलं की काय होतं ते नवीन मंडळींनी नीट समजून घ्यावं, कारण दुकानदार सगळा दोष तुम्ही माशांना घातलेल्या खाण्यावर आणि तुमच्या फिल्टरवर ढकलतो. पीएच सावरणारं काही उरत नाही. दिवसा 8 च्या आसपास असलेला पीएच पहाटे 7.4 पर्यंत घसरतो. नायट्रीफाय करणाऱ्या बॅक्टेरियांना अमोनियाचं नायट्राईट आणि मग नायट्रेट करताना अल्कलिनिटी लागते. ती संपली की त्यांचं काम रेंगाळतं आणि अमोनिया साचतो. गोगलगायी सर्वांत आधी जातात: काचेवरून गळून वाळूत उलट्या पडतात. मग क्लाऊनफिश पृष्ठभागाशी येऊन भराभर श्वास घेतात. अमोनिया 1 पीपीएमच्या वर गेल्यावर जोडी वाचली नाही. "तुम्ही जास्त खाणं घातलंत," हे दुकानदाराचं उत्तर. खाणं कितीही मोजून घातलं तरी केएच 1 वर चालणारा मरीन टँक अजून कोणी पाहिलेला नाही.

हेच मीठ त्याच दुकानात गोल्डफिशवाल्यांना 'ॲक्वेरियम सॉल्ट' म्हणून जातं. गोड्या पाण्यात ते चालूनही जातं, कारण तिथे लिटरला 1 ते 3 ग्रॅम साधं मीठ औषधापुरतं घालायचं असतं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम त्या मिठातून अपेक्षितच नसतं. म्हणून गोड्या पाण्याचं गिऱ्हाईक तक्रार करत नाही आणि दुकानदार मोकळा सुटतो. मात्र त्यासाठी कोणी जादा पैसे देऊ नयेत, स्वयंपाकघरातलं आयोडीन नसलेलं खडेमीठ तेच काम करतं.

'लाईव्ह रॉक'चा जांभळा थर नखाने खरवडल्यावर निघाला. तो नुसता फासलेला रंग होता. बॅक्टेरियाच्या बाटलीवर मुदतीच्या तारखेवर दुसरं लेबल चिकटवलेलं होतं, आणि ती बाटली उन्हाच्या शोकेसमध्ये उभी असायची. "बाटली ओता, आजच मासे सोडा" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. टँकमध्ये 2 पीपीएम अमोनिया घाला. 24 तासांत अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्यावर आले तरच सायकल, म्हणजे बॅक्टेरियांची बसवणी, पूर्ण. एरवी चार ते सहा आठवडे धरून चाला. आणि जो तुम्हाला हळूच 'मागच्या खोलीत' समुद्रघोडा किंवा कठीण प्रवाळ दाखवतो, त्याच्या दुकानातून निघून या. दोन्ही 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहेत. तिथे तो अडकेल आणि तुम्हीही अडकाल.

आता सरकारी दारांबद्दल. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, "मासे मेले, त्यात फसवणूक कसली?" भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे आणि त्यात मासे की सोनं असा भेद केलेला नाही, हे ठाण्यात बसलेल्या माणसाला गिऱ्हाइकाने सांगायचं? अर्ज ठेवून घेतला, पोच द्यायला नकार. दुसऱ्या कचेरीत विचारलं, "मीठ खाण्याचं आहे का? नाही ना, मग आमच्याकडे येत नाही." तिसरीकडे म्हणाले, पिशवीवर नावच नाही तर कारवाई कोणावर करणार! अहो, नाव नाही हाच तर गुन्हा आहे. वेष्टित मालावर पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी आणि महिना-वर्ष छापणं 2011 च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. पिशव्या टेबलावर ठेवल्या होत्या, उचलून बघितल्यासुद्धा नाहीत. वर सल्ला मिळाला, "दर्या समोर आहे, मीठ विकत कशाला घेता?" गोव्याच्या किनाऱ्यावर जन्म गेलेल्या माणसाने हे बोलावं याचा संताप येतो. पावसाळ्यात मांडवी-झुआरीतून गोडं पाणी आणि लाल गाळ धो धो येतो. मिरामारला तेव्हा भरून घेतलेल्या पाण्याची क्षारता (मिठाचं प्रमाण) टँकला लागणाऱ्या हजारी 35 च्या जवळपासही नसते. पाऊस सरल्यावर, नदीच्या मुखापासून दूर, भरतीच्या वेळी घेतलेलं पाणी गाळून, काळोखात ठेवून, क्षारता तपासून वापरता येतं. पण ते जुलैत मिळत नाही आणि त्याने दुकानदाराचा गुन्हा धुतला जात नाही.

मीठ कंपनीच्या सीलबंद बादलीतच घ्या, आणि बादली आधीच उघडलेली असेल तर परत करा. टँकमध्ये घालण्यापूर्वी 1 लिटर डीआय (सगळे क्षार काढलेल्या) पाण्यात 36 ग्रॅम विरघळवून केएच मोजा. घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी पुरेसं नाही, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) शून्य हवा. केएचचा आकडा 7 च्या खाली आला तर ती बादली वापरू नका.

टँक आधीच असल्या मिठाने भरला असेल तर सगळं पाणी एकदम बदलू नका, राहिलेलेही मरतील. रोज 15 ते 20 टक्के पाणी खऱ्या मिठाचं, तापमान आणि क्षारता जुळवून. केएच दिवसाला 1 ते दीडपेक्षा जास्त वाढवायचं नाही. 150 लिटर पाण्यात साडेचार ग्रॅम खाण्याचा सोडा घातला की केएच 1 ने वाढतं. सोडा म्हणजे सोडाच, बेकिंग पावडर नव्हे. आधी ग्लासभर डीआय पाण्यात विरघळवून पॉवरहेडसमोर (पाणी फिरवणाऱ्या पंपासमोर) सावकाश ओता.

ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. तक्रार ऑनलाईन करता येते आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. मुदत दोन वर्षांची. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवून क्रमांक लिहून ठेवा. पैसे यूपीआयने गेले असतील तर व्यवहाराचे स्क्रीनशॉट आणि तो 'एस्टिमेट'चा कागद दोन्ही जोडा. आणि उरलेलं मीठ रागाने गटारात ओतू नका. एक पिशवी न उघडता, तारीख लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन बाजूला ठेवा, कारण प्रयोगशाळेत पाठवायला पुढे तीच लागणार आहे.