गॅलरीमार्फत विक्री की थेट मागणीची कामे?

पुण्यातील चित्रकाराने चित्र गॅलरीकडे विक्रीस ठेवले, तर गॅलरी साधारणतः 30 ते 50 टक्के वाटा घेते. म्हणजे 40,000 रुपयांच्या चित्रावर 40 टक्के कापले गेल्यास हाती 24,000 उरतात आणि फ्रेमचा खर्च बहुधा त्यातूनच भागवावा लागतो. चित्राशेजारी लाल टिकली (विकले गेल्याची खूण) लागली म्हणजे पैसे आले असे नव्हे, म्हणून रक्कम किती दिवसांत मिळेल हे चित्र सोपवतानाच्या पावतीवर लिहून घ्यावे. (मी एकदा ते घेतले नाही आणि पाच महिने फोन करत राहिलो.) बालगंधर्व कलादालनासारखी जागा भाड्याने घेतल्यास वाटा वाचतो, पण सारी धावपळ स्वतःची असते.

थेट मागणीच्या कामात, म्हणजे ग्राहकाने सांगून काढून घेतलेल्या चित्रात, आगाऊ रक्कम मागता येते, हा मोठा दिलासा. मात्र 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 17 अनेकांना ठाऊक नसते: मोबदला देऊन कोणी चित्र काढून घेतले आणि वेगळा करार झालेला नसला, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो ग्राहक ठरतो. कोथरूडमधील दवाखान्यासाठी काढलेले सिंहगडाचे चित्र पुढे स्वतःच्या कॅलेंडरवर छापायचे, तरी डॉक्टरांची परवानगी लागेल. स्वतःहून काढून गॅलरीत विकलेल्या चित्राचा कॉपीराइट मात्र, लेखी हस्तांतर केले नसेल तर, चित्रकाराकडेच राहतो. त्यामुळे मासिक खर्चापुरती मागणीची कामे घ्यावीत, आणि तीही कॉपीराइट स्वतःकडे राखणारे एक वाक्य कोटेशनमध्ये घालूनच, असे माझे मत आहे.