हेअर ट्रान्सप्लांटच्या ‘दुरुस्ती’त दुसऱ्यांदा लुबाडणूक: मागची बाजू मोजल्याशिवाय एक पैसाही देऊ नका

एका पेशंटच्या पहिल्या ऑपरेशनच्या कागदावर २,५०० ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट उचलून दुसरीकडे लावायचे केसांचे छोटे पुंजके. दुरुस्तीच्या कागदावर ३,०००. म्हणजे एकूण ५,५०० ग्राफ्टचे पैसे घेतले. आता मागचे केस बारीक कापून भिंगाखाली पाहिलं, तर पाच ठिकाणच्या सरासरीने दर चौरस सेंटिमीटरला ३७ पांढरे ठिपके आहेत, एकेक ठिपका म्हणजे ग्राफ्ट काढल्याचं एकेक भोक, आणि ३१ ग्राफ्ट शिल्लक. डोनर एरिया, म्हणजे जिथून ग्राफ्ट काढतात तो मागचा भाग, २०० चौरस सेंटिमीटर धरला, तर भोकं झाली ७,४००. पुढे ८० चौरस सेंटिमीटर जागेत उगवलेले ग्राफ्ट दर चौरस सेंटिमीटरला २१, म्हणजे १,६८०. काढले ७,४००, बिल लावलं ५,५०० चं, उगवले १,६८०. उरलेल्या ५,७२० चं काय झालं, याचं उत्तर दोन्हीपैकी एकही क्लिनिक देत नाही.

पहिली फसवणूक कशी होते ते आता बहुतेकांना ठाऊक आहे. सल्ला सेल्सवाला देतो, डॉक्टर येऊन पेनने रेघ मारून जातो, बाकी सगळं टेक्निशियनच्या हातात. त्यावर जागा घालवत नाही. दुरुस्तीच्या नावाखाली जे चालतं ते याहून वाईट आहे. माणूस आधीच खचलेला असतो, टोपीशिवाय बाहेर पडत नसतो, आणि नेमका अशा वेळी त्याच्या डोक्यावरचा शेवटचा साठा लुटला जातो. मागचे केस पुन्हा येत नाहीत. काढलेला ग्राफ्ट वाया गेला की तो कायमचा गेला.

हिशोब सरळ आहे आणि तो पैसे भरण्याआधी प्रत्येकाने स्वतः करावा. ऑपरेशन न झालेल्या डोक्यावर मागे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ६५ ते ८५ ग्राफ्ट असतात. वरच्या मोजणीत ३१ आणि ३७ मिळून ६८ होतात, म्हणजे मूळची घनता सामान्य होती. २०० चौरस सेंटिमीटरला एकूण साधारण साडेतेरा हजार. त्यातले निम्मे गेले की मागची बाजू विरळ दिसायला लागते, म्हणून जाणकार सर्जन आयुष्यभरात पाच-सहा हजारांच्या पुढे सहसा जात नाहीत. इथे ५४ टक्के गेले आहेत. केस बारीक कापले की मानेच्या वर पांढऱ्या ठिपक्यांची जाळी दिसते. दुरुस्तीला बसायच्या आधी कोणी ही मोजणी केली असती, तर ३,००० हा आकडा उच्चारताच आला नसता.

आणि खटकायला हवं होतं ते नेमकं इथेच. आकडा कशावरून दिला? पुढून काढलेल्या मोबाइलच्या फोटोंवरून. मागच्या बाजूला ना बोट लावलं, ना भिंग. समोरची जागा बघितली, मनातल्या मनात गुणाकार केला आणि ‘तीन हजारांत काम होईल’ असं सांगून टाकलं. तो आकडा डोक्यावर किती ग्राफ्ट आहेत यावरून आलेला नव्हता, गिऱ्हाईक किती देऊ शकेल यावरून आला होता. एवढी साधी गोष्ट, आणि तेव्हा ती कुणी बोललं नाही, म्हणून आजही संताप होतो. पण मी हेही सांगतो की यात पेशंटचा दोष नाही. स्वतःचं मागचं डोकं कुणाला दिसत नाही. ऑपरेशनच्या वेळी पालथं झोपवलेलं असतं, डोकं बधिर असतं, वर झोपेची गोळी दिलेली असते. अशा माणसाने ट्रेवरचे ग्राफ्ट मोजायचे होते का? मोजून दाखवणं हे पैसे घेणाऱ्याचं काम आहे.

मोजणीतही दोन चलाख्या आहेत. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात, सरासरी दोनच्या आसपास. काही ठिकाणी केस मोजतात आणि त्याला ग्राफ्ट म्हणतात, की आकडा दुप्पट. दुसरीकडे तीन केसांच्या ग्राफ्टचे मुद्दाम तीन तुकडे करतात आणि तिन्हीचे पैसे लावतात. म्हणून बिलावर एक केसाचे किती, दोनचे किती, तीनचे किती असं वेगवेगळं लिहून मागा. प्रामाणिक टीम हे वर्गीकरण तशीही करते, कारण हेअरलाइनच्या पहिल्या दोन-तीन ओळींत फक्त एक केसाचे ग्राफ्ट लावायचे असतात. यादी देता येत नाही म्हणणाऱ्याने वर्गीकरण केलेलंच नसतं.

दुरुस्तीत ग्राफ्ट जास्त का मरतात, हे समजून घेणं गरजेचं आहे. पहिल्या ऑपरेशनच्या भोकांभोवती त्वचेखाली कडक तंतू तयार होतात. त्यामुळे केस बाहेर एका कोनात दिसतो आणि आत मुळाशी दुसरीकडे वळलेला असतो. ०.८ मिलिमीटरचा पंच, म्हणजे ग्राफ्ट काढायचं गोल पोकळ पातं, बाहेरचा कोन बघून फिरवला की मूळ मधोमध कापलं जातं. आधी ऑपरेशन न झालेल्या डोक्यावर चांगल्या हाताने हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत ठेवता येतं, व्रणांच्या जागेत ते झपाट्याने वाढतं. म्हणून आधी ५० ते १०० ग्राफ्ट काढून सूक्ष्मदर्शकाखाली मुळं तपासायची. तुटलेल्यांची संख्या जास्त आली तर पंच, खोली, वेग बदलायचा किंवा थांबायचं. या दुरुस्तीत ‘टेस्ट’ हा शब्दच कुणी काढला नाही, सरळ मशीन सुरू.

पुढच्या बाजूचंही तसंच. आधी एकदा छिद्रं पाडलेल्या त्वचेत रक्तपुरवठा कमी असतो. तिथे पहिल्याच फेरीत दर चौरस सेंटिमीटरला ४०-५० ग्राफ्ट कोंबले तर ते जगत नाहीत, आणि नशीब वाईट असेल तर त्वचा काळी पडून मरते. अशा जागी २०-२५ लावून वाट बघतात. ‘एकाच सिटिंगमध्ये फुल डेन्सिटी’ हे दुरुस्तीत सांगितलं जात असेल तर तो सरळ धोका आहे. शिवाय काढलेले ग्राफ्ट थंड द्रावणात बुडालेले हवेत. गॉजवर उघडे ठेवले तर काही मिनिटांत सुकतात, आणि सुकलेला ग्राफ्ट लावला काय, फेकला काय, सारखंच. द्रावणातसुद्धा जितके तास जातील तितकी जगण्याची शक्यता घटत जाते.

सगळ्यात मोठं खोटं म्हणजे ‘वाईट दिसतंय ना, आणखी ग्राफ्ट घालून झाकून टाकू’. दुरुस्तीची सुरुवात बऱ्याचदा काढण्याने होते. हेअरलाइन फार खाली आणलेली असेल, तीन-चार केसांचे झुबके पहिल्याच ओळीत असतील, केस पुढे झुकण्याऐवजी सरळ उभे असतील, तर त्यांच्यात नवे ग्राफ्ट घालून काही सुधारत नाही. ०.८ ते १ मिलिमीटरच्या पंचने ते झुबके उचलायचे, सगळे एकदम नाही, टप्प्याटप्प्याने, मध्ये त्वचा भरायला काही महिने द्यायचे. उचललेला झुबका सूक्ष्मदर्शकाखाली सुटा करून त्याच केसांचे एकेका केसाचे ग्राफ्ट मागे मधल्या भागात किंवा योग्य कोनात पुढे लावता येतात. साठा संपत आलेल्या माणसासाठी हे केस सोन्याच्या मोलाचे. आणि हेच केस ‘लेझरने साफ करू’ म्हणून जाळून टाकणारे महाभाग आहेत. लेझरने गेलेला केस परत वापरता येत नाही. पांढऱ्या केसांवर तर लेझर चालतच नाही, तिथे इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे सुईतून वीज देऊन एकेक मूळ मारणं, लागतं. लेझरचं पॅकेज विकणारा हे सांगत नाही.

ग्राफ्ट उथळ बसवला तर मुळाशी फुगवटा राहतो, खोल बसवला तर खड्डा. हे खड्डे-फुगवटे क्रीमने, पीआरपीने (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेटच्या इंजेक्शनने), मसाजने जात नाहीत. तो ग्राफ्ट उचलावाच लागतो.

दाढीचे केस हा खरा पर्याय आहे, पण मर्यादित. दाट दाढी असेल तर जबड्याखालून हजार-दीड हजार ग्राफ्ट मिळू शकतात. ते जाड असतात, म्हणून मधल्या भागात डोक्याच्या केसांत मिसळून वापरतात. हेअरलाइनला लावले तर लांबूनही ओळखू येतात. मागच्या ठिपक्यांवर मायक्रोपिग्मेंटेशनने रंग भरता येतो, मात्र व्रणावर शाई पसरू शकते. आधी छोट्या जागेवर करून बघा.

आणि एक. मागचेच केस बारीक होत चालले असतील, भिंगाखाली पाचातला एक केस तरी बारीक दिसत असेल, तर ऑपरेशन करूच नये. टाळूवर लालसरपणा, केसांच्या मुळाशी पापुद्रे, जळजळ असेल तर आधी ४ मिलिमीटरची बायोप्सी, म्हणजे त्वचेचा तुकडा काढून तपासणी. लायकेन प्लॅनोपिलारिससारखा, केसांची मुळं नष्ट करणारा आजार सक्रिय असताना लावलेले ग्राफ्ट तो आजार खाऊन टाकतो.

आता पैशांचं. ६० टक्के आगाऊ, ‘ऑफर आज संध्याकाळपर्यंतच’ म्हणून. उरलेले ४० टक्के ऑपरेशनच्या दिवशी सकाळी. संमतीपत्र कधी पुढे केलं? गोळी दिल्यानंतर. त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं की ग्राफ्टची संख्या ‘अंदाजे’ आहे आणि काम ‘प्रशिक्षित टीम’ करेल. संमतीपत्र आदल्या दिवशी घरी मागून घ्या. पंच कोण फिरवणार, छिद्रं कोण पाडणार, त्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक त्यावर हवा. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ हेअर रिस्टोरेशन सर्जरी ही सर्जनांची संघटनासुद्धा हेच सांगते की कापण्याचं काम परवानाधारक डॉक्टरनेच करायचं.

नंतर सुरू होतं वेळ काढणं. सहा महिन्यांनी विचारलं तर ‘बारा महिने थांबा’. हे खरंही आहे, निकाल बारा महिन्यांशिवाय कळत नाही, टाळूच्या मागच्या भागाला त्याहून जास्त लागतात. बारा महिन्यांनी ‘अठरा होऊ द्या’, आणि दरम्यान पीआरपीची सेशन्स विकली जातात. तोवर तक्रारीची मुदत सरकत राहते. हे मुद्दाम केलं जातं.

आणि तक्रार करायची तर कुठे? पोलीस म्हणतात, हा वैद्यकीय निष्काळजीपणा, वैद्यकीय परिषदेकडे जा. परिषद म्हणते, आम्ही फक्त नोंदणीकृत डॉक्टरांची चौकशी करतो, पंच फिरवणारा आमच्याकडे नोंदलेला नाही, म्हणजे तो फौजदारी गुन्हा, पोलिसांकडे जा. पुन्हा पोलीस: परिषदेचा तज्ज्ञ अभिप्राय आणा. ज्याने डॉक्टर नसताना माणसाच्या डोक्यात हजारो भोकं पाडली, तो नोंदणी नाही या एकाच कारणाने सगळ्यांच्या हातातून सुटतो! आरोग्य विभागाकडे परवान्याची प्रत मागितली तर ‘अर्ज करा’, अर्ज केला तर ‘माहिती तिसऱ्या पक्षाची आहे’. ग्राहक तक्रारीत बऱ्याचदा दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत लागतं. तोंडी सगळे सांगतात की डोनर उद्ध्वस्त केलाय, लिहून द्यायची वेळ आली की एकाचंही पेन चालत नाही. बँकेकडे रक्कम परत मागितली तर ‘सेवा मिळालेली आहे’ असं उत्तर. कुठली सेवा? ७,४०० भोकांची? हे सगळे विभाग पगार घेतात, नियम पाठ म्हणून दाखवतात, आणि एकही जण उठून त्या क्लिनिकच्या दारापर्यंत जात नाही. तिथे आजही रोज पेशंट पालथे झोपवले जातात.

म्हणून पुरावा आपणच जमवायचा आणि तो लवकर. कुठल्याही नव्या उपचाराच्या आधी मागचे केस १ मिलिमीटरला कापून, बाजूला मोजपट्टी ठेवून, पाच ठिकाणी एक-एक चौरस सेंटिमीटरची चौकट आखा आणि भिंगाच्या कॅमेऱ्याने फोटो काढा. पुढच्या बाजूचेही तसेच फोटो, केस कोरडे, फायबर पावडर न लावता, त्याच प्रकाशात. ऑपरेशनची नोंद, बधिर करण्याच्या औषधाची मात्रा, ग्राफ्टची यादी लेखी मागा, ई-मेलने मागा, उत्तर आलं नाही तरी तो ई-मेल जपून ठेवा. चॅट डिलीट करू नका. सेल्सवाल्याने पाठवलेला आकडा आणि तो पाठवल्याची तारीख एकाच स्क्रीनशॉटमध्ये दिसली पाहिजे.