वीस लिटरची ड्राय बॅग: खांदेरी राहिलं, बॅग टिकली

जानेवारीत घेतलेली ही बॅग अख्खा पावसाळा काढून अजून वापरात आहे, म्हणून आता लिहितोय. ड्राय बॅग म्हणजे तोंड घड्या घालून बकल लावलं की पाणी आत न येऊ देणारी बॅग. ही पिवळी, पीव्हीसी टारपोलिनची, हजाराच्या आतली. एकाच घडणीच्या या बॅगा वेगवेगळ्या नावांनी विकल्या जातात, त्यामुळे नावापेक्षा घडण बघून घ्या. सांधे शिवलेले नकोत, उष्णतेने चिकटवलेले हवेत. शिवण आली की भोकं आली.

घेतली ती खांदेरीसाठी, म्हणजे अलिबागजवळच्या बेटावरच्या किल्ल्यासाठी. आम्ही चौघं कॉलेजचे मित्र. बेत असा होता: शनिवारी सकाळच्या लाँचने गेटवेहून मांडवा, तिथून थळ, थळहून होडीने खांदेरी, रात्री किनाऱ्यावर होमस्टे. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला किल्ला, 1867 चं दीपगृह, वेताळाचं देऊळ आणि ठोकल्यावर धातूसारखा वाजणारा तो दगड. 2025 मध्ये खांदेरी युनेस्कोच्या यादीत आल्यापासून आमच्या ग्रुपवर दर महिन्याला हा बेत शिजायचा आणि करपायचा.

लाँचवर वरच्या डेकला बसलो तर अर्ध्या वाटेत तोंडावर खारं पाणी. बॅग चिंब, आतले कपडे, कॅमेरा, चार्जर खडखडीत कोरडे. इथवर पूर्ण गुण.

थळला नाखवा आमच्याकडे न बघता समुद्राकडे बघत म्हणाला, "वारा जाम हाय, आज होडी नाय सोडायची." आमच्यातल्या एकाने जास्त पैसे देऊ केले. नाखव्याने जाळं आवरायला घेतलं. समोर खांदेरी आणि उंदेरी दोन्ही स्वच्छ दिसत होती, हा वर अपमान. शनिवार मग जेवण्यात आणि एकमेकांवर खापर फोडण्यात गेला.

रविवारी ठरलं, बेट ते बेट, अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला तर कुलाबा. मोबाइलवर ओहोटी एकच्या सुमाराला दाखवत होती, म्हणजे चालत जाता येणार. होमस्टेचे काका चहा देता देता म्हणाले, "आज नवमी ना? नऊ त्रिक सत्तावीस, भागिले चार, पावणेसात. पावणेसातला भरती पुरी, एकला ओहोटी पुरी. वेळ बरोबर आहे तुमची. पण भांग आहे रे बाबांनो, पाणी ओसरायचं नाही." तिथीच्या पाऊणपटीला पूर्ण भरती, हा हिशेब किनाऱ्यावर सगळ्यांना तोंडपाठ. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जितकं चढतं तितकंच खाली जातं. अष्टमी-नवमीच्या भांगात ते फार चढतही नाही, फार उतरतही नाही. ॲपमध्ये वेळेच्या शेजारीच पाण्याची उंची मीटरमध्ये दिलेली असते. ती चौघांपैकी कुणी वाचली असती तर घोडागाडीचे पैसे वाचले नसते, पण निदान आधीच बसलो असतो.

कारण शेवटी घोडागाडीच करावी लागली. मध्ये गाडीने असा हेलकावा घेतला की मागे ठेवलेली बॅग पाण्यात. बुडाली नाही. आत हवा राहिली की ही बॅग तरंगते. गाडीवाल्याच्या पोराने मांडीभर पाण्यातून जाऊन आणली. किल्ल्यावर उघडली तर तळाशी लोटाभर पाणी, दोघांचे कपडे ओले. मी कंपनीला शिव्या घालणार तेवढ्यात कळलं, एका महाभागाने गाडीतच बिस्किटं काढली होती आणि तोंड एकदाच दुमडून बकल लावलं होतं. तीन घड्या लागतातच, आणि त्या घडीत वाळू असेल तर तीनही पुरत नाहीत.

या बॅगेबद्दल मला मुख्य सांगायचंय ते हेच. बंद असताना ती चोख आहे, पण तिला एकच तोंड आहे. ठरल्याप्रमाणे चाललं तर सकाळी बंद, रात्री उघड, काम झालं. बेत फिसकटला की दर अर्ध्या तासाला कुणाला ना कुणाला काहीतरी हवं असतं, आणि ते नेमकं तळाशी असतं. सगळं उपसा, पुन्हा भरा, हवा काढा, घड्या घाला. चौथ्या वेळी माणूस कंटाळतो आणि पाणी तेवढ्याचीच वाट बघत असतं.

येताना शेवटची लाँच चुकली. एसटीने वडखळमार्गे पनवेल, तिथून हार्बर लोकल. वडखळच्या ट्रॅफिकबद्दल वेगळं लिहीन, इथे जागा नाही. ओले कपडे मात्र घरी पोचेपर्यंत याच बॅगेत होते. जी पाणी आत येऊ देत नाही, ती दमटपणा बाहेरही जाऊ देत नाही. आठवडाभर उलटी टांगून ठेवली तेव्हा वास गेला.

पावसाळ्यात तिने खरे पैसे वसूल केले. लॅपटॉप, डबा, कोरडे मोजे घेऊन रोज लोकल. सायनला गुडघाभर पाण्यातून चाललो तेव्हाही आत काही झालं नाही. वर आयपीएक्स6 लिहिलंय, म्हणजे पाण्याचे जोरदार फवारे झेलेल. पाण्यात बुडवायची हमी त्यात नाही. त्यासाठी आयपीएक्स7 बघावं लागतं, एक मीटर पाण्यात अर्धा तास.

तक्रारी दोन. खांद्याचा पट्टा एकच आणि अरुंद, गर्दीच्या डब्यात मानेला काचतो. जुलैत दाराच्या कडेला घासून बारीक भोक पडलं. पंक्चरवाल्याचं रबरी ठिगळ चार दिवसांत निघालं, पीव्हीसीचं ठिगळ मात्र अजून आहे. समुद्रावरून आल्यावर बकल गोड्या पाण्याने धुवा, मिठाने ते कडक होतं.

आज घ्यायची तर मी वीसची एक न घेता दहाच्या दोन घेईन. एक रात्रीपर्यंत न उघडायची, दुसरी बिस्किटांची.