झेनिटी की डायलॉग?

सांगलीच्या आमच्या कार्यालयात मोठ्या फायली उतरवणाऱ्या शेल स्क्रिप्टला (टर्मिनलमधल्या आज्ञांच्या फाइलला) प्रगतिपट्टी हवी होती. झेनिटी आणि डायलॉग ही स्क्रिप्टमधून अशी पट्टी दाखवणारी दोन्ही साधने टक्केवारीचे आकडे स्टँडर्ड इनपुटवरूनच, म्हणजे आज्ञेकडे येणाऱ्या नेहमीच्या प्रवाहातूनच, वाचतात. मात्र फायली उतरवणारा डब्ल्यूगेट आपली प्रगती स्टँडर्ड एररवर, म्हणजे त्रुटी-सूचनांच्या वेगळ्या प्रवाहावर, लिहीत असल्यामुळे ती आधी पाइपमध्ये (एका आज्ञेचे आउटपुट दुसरीला देणाऱ्या जोडणीत) वळवावी लागते, आणि त्यातून आकडे वेगळे काढणाऱ्या मधल्या सेड या आज्ञेने ओळी साठवून ठेवल्या, तर पट्टी बराच वेळ शून्यावर खिळून एकदम 100 वर उडी मारते.

झेनिटीची खिडकी देखणी खरी, शिवाय # ने सुरू होणारी ओळ पाठवली की तिच्यातला मजकूरही बदलतो. पण तिला ग्राफिकल डिस्प्ले लागतो. डायलॉग साध्या टर्मिनलमध्ये चालतो. मिरजेहून एसएसएचने (दूरच्या संगणकाच्या टर्मिनलला जोडून) काम करणाऱ्या मला तोच सोयीचा वाटला.